एलिट डेंजरस: अंतराळयुद्ध नव्याने शिकणाऱ्यांसाठी

अंतराळात यान चालवून लढण्याचे खेळ पुष्कळ आहेत. त्यांपैकी एलिट डेंजरस हा खेळ नव्या माणसाला सर्वांत जास्त देतो आणि सुरुवातीला सर्वांत जास्त छळतोही. गेली काही वर्षे गोव्यातल्या डिचोलीत माझ्या घरी बसून मी तो खेळत आलो आहे, आणि मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या भाच्याला तो पहिल्यापासून शिकवला. शिकवताना एक गोष्ट ठळकपणे लक्षात आली. हा खेळ अर्ध्यावर सोडणारी बहुतेक माणसे तो अवघड आहे म्हणून सोडत नाहीत. कोणती गोष्ट आधी शिकायची आणि कोणती नंतर, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते म्हणून सोडतात. म्हणून या लेखात खेळाचे गुण आणि दोष शिकण्याच्या क्रमातच, जिथे ते खेळाडूला भेटतात तिथे, मांडले आहेत.

थोडी पूर्वपीठिका आवश्यक आहे. मूळ एलिट हा खेळ डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन तरुणांनी १९८४ मध्ये बीबीसी मायक्रो या संगणकासाठी तयार केला. त्याच परंपरेतला एलिट डेंजरस ब्रेबेन यांच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या कंपनीने २०१२ च्या अखेरीस लोकवर्गणीची मोहीम सुरू करून उभा केला आणि डिसेंबर २०१४ मध्ये तो विंडोज संगणकांसाठी बाजारात आला. खेळातला काळ आपल्यापुढे १२८६ वर्षे चालतो, म्हणजे २०१४ साली तिथे ३३०० साल होते. आपल्या आकाशगंगेची खऱ्या आकाराची प्रतिकृती, सुमारे ४०० अब्ज तारकासंस्थांसह, त्यात आहे, आणि खगोलशास्त्राच्या नोंदींतले अनेक तारे त्यांच्या जागी ठेवलेले आहेत. ज्या आर्द्रा नक्षत्राच्या पावसाची आपल्याकडचे शेतकरी वाट पाहतात, त्याचा तांबूस तारा या खेळातही आहे आणि धीर धरून प्रवास केला तर त्याच्याजवळ जाता येते. हा मोठेपणा खेळाचा पहिला गुण आहे. मात्र लढाई शिकणाऱ्याने पहिले काही आठवडे त्याच्या मोहात पडू नये.

खरेदीपूर्वी

हा खेळ इंटरनेटशिवाय अजिबात चालत नाही. प्रकाशनाच्या जेमतेम महिनाभर आधी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, कंपनीने जोडणीविना खेळण्याची सोय रद्द केल्याचे जाहीर केले आणि वर्गणी दिलेल्या कित्येकांना ते फार लागले. गोव्यात हा दोष अधिक जाणवतो, कारण जूनचा पहिला पाऊस पडला की वीज जाते आणि विजेबरोबर जोडणीही जाते. माझ्याकडे इन्व्हर्टर आहे, पण संगणकाबरोबर राउटरही त्याच्यावर जोडायला हवा हे मला एक चांगली चाललेली लढाई गमावल्यावर सुचले. तुम्ही ते आधीच करून ठेवावे.

खेळण्याचे तीन प्रकार आहेत: सर्वांसाठी खुला, निवडक मित्रांचा गट आणि एकट्याचा. तिन्हींत आकाशगंगा एकच असते आणि तुमची कमाई व यानेही तीच राहतात; समोर इतर खेळाडू दिसतात की नाही, एवढाच फरक. नवख्याने निःसंकोच एकट्याचा प्रकार निवडावा. खुल्या प्रकारात खेळाडूंचे संगणक थेट एकमेकांशी जोडले जातात, त्यामुळे जोडणी कच्ची असली तर समोरचे यान उड्या मारत सरकते, आणि वर्षानुवर्षे सुधारत नेलेले यान घेऊन आलेल्या अनुभवी खेळाडूपुढे तुमचा निभाव लागणार नाही.

मायक्रोसॉफ्ट आणि सोनीच्या गेमिंग कन्सोलवरही हा खेळ आला होता. परंतु मे २०२१ मधली ओडिसी ही भर, जिच्यात यानातून उतरून पायी फिरता आणि लढता येते, ती संगणकापुरतीच राहिली आणि मार्च २०२२ मध्ये कन्सोलसाठीचे पुढचे काम थांबवण्यात आले. म्हणून नव्याने घेणाऱ्याने संगणकावरच घ्यावा. ओडिसीची घाई नको, कारण यानातली लढाई मूळ खेळात पूर्ण आहे.

जॉयस्टिकविषयी दोन शब्द. कीबोर्ड आणि माऊस घेऊन उत्तम खेळता येते. जॉयस्टिकने आनंद नक्कीच वाढतो, पण आपल्याकडच्या दमट हवेत स्वस्त जॉयस्टिकचे आतले भाग लवकर खराब होतात. माझी पहिली जॉयस्टिक एका पावसाळ्यानंतर हात न लावताही यान डावीकडे वळवू लागली. तसे झाल्यास खेळाच्या नियंत्रणांच्या यादीत मधल्या स्थितीभोवतीचा निष्क्रिय भाग वाढवण्याची सोय आहे. ती वापरून आणखी वर्षभर काम भागते.

पहिली पायरी: स्थानकात उतरणे

लढाई शिकायला आलेल्या माणसाला मी आधी उतरायला शिकवतो. याचे कारण सोपे आहे. गुन्हेगारांची याने फोडून मिळवलेले इनाम स्थानकात पोहोचून जमा केल्याशिवाय तुमचे होत नाही, आणि वाटेत यान फुटले तर इनामाच्या सगळ्या पावत्या जातात.

तुम्हाला मिळणारे पहिले यान साइडविंडर असते. ते फुकट आहे, फुटले तर पुन्हा फुकट मिळते, म्हणून त्याच्यावर मनसोक्त चुका कराव्यात. प्रवासासाठी प्रकाशाहून वेगवान अशी सुपरक्रूझ नावाची चाल असते आणि तिच्यातून स्थानकापाशी नेमके थांबणे हा नवख्याचा पहिला अडथळा. वेग कमी करायला उशीर झाला की यान स्थानकाच्या पुढे निघून जाते आणि मोठा फेरा मारून परत यावे लागते. यासाठी एकच नियम लक्षात ठेवावा: लक्ष्याजवळ पोहोचायला उरलेला वेळ स्क्रीनवर सात सेकंदांच्या आसपास आला की थ्रॉटल, म्हणजे वेग कमीजास्त करणारा दांडा, तीन चतुर्थांशावर आणायचा आणि मग त्याला हात लावायचा नाही. वेग आपोआप उतरत जातो आणि सात सेकंदांचा आकडा बराच वेळ तसाच राहतो.

भाच्याला हे पटेना. त्याला वाटे, अजून इतके अंतर आहे तर एवढ्यात वेग का सोडायचा? त्याला मी एका रविवारी रायबंदरहून चोडणच्या फेरीबोटीने नेले आणि चालकाकडे बघत राहायला सांगितले. ओहोटीची वेळ होती, मांडवीला ओढ होती. पलीकडचा धक्का अजून बराच दूर असताना चालकाने इंजिनाचा जोर उतरवला, बोट प्रवाहाबरोबर किंचित आडवी सरकू दिली, आणि शेवटच्या काही मीटरांत तिचे तोंड धक्क्याच्या उतरंडीला अलगद लावले. घरी आल्यावर भाचा पहिल्याच प्रयत्नात स्थानकापाशी थांबला. वस्तूला जोर दिला की ती जात राहते, आणि थांबवायचे काम पोहोचण्याच्या बरेच आधी सुरू होते. या खेळातली अर्धी विद्या एवढ्यात आली.

स्थानक साडेसात किलोमीटरच्या आत आले की डावीकडच्या फलकावरून उतरण्याची परवानगी मागावी. ती दहा मिनिटे टिकते. फिरत्या स्थानकांच्या प्रवेशद्वाराला एका बाजूला हिरवे आणि दुसऱ्या बाजूला लाल दिवे असतात. आत जाताना हिरवे दिवे उजव्या हाताला ठेवावेत. वेग सेकंदाला शंभर मीटरच्या खाली असावा, कारण त्याहून वेगात कोणाला धडकलात तर दंड होतो. उतरण्याचे काम आपोआप करणारा संगणकही यानात बसवता येतो आणि थकलेल्या माणसाने तो जरूर वापरावा, पण हाताने दहा वेळा उतरून झाल्यानंतर.

दुसरी पायरी: सहा ठिपक्यांची वाटणी

आता खेळाच्या खऱ्या बलस्थानापाशी आलो आहोत. यानाची शक्ती तीन ठिकाणी जाते: शील्ड (यानाभोवतीचे संरक्षक कवच) सांभाळणारी यंत्रणा, इंजिन आणि शस्त्रे. वाटायला एकूण सहा ठिपके असतात, एका ठिकाणी जास्तीत जास्त चार ठेवता येतात, आणि कीबोर्डवरच्या बाणांच्या कळांनी ते लढता लढता हलवायचे असतात. डावा बाण शील्डकडे, वरचा इंजिनाकडे, उजवा शस्त्रांकडे आणि खालचा सर्वांना समान.

आपल्याकडे वीज गेल्यावर घरातली माणसे इन्व्हर्टर जसा वापरतात, तसेच हे आहे. पंखा हवा असेल तर फ्रिज बंद ठेवायचा, पंप लावायचा असेल तर दोन्ही थांबवायचे. सगळे एकदम चालू ठेवले तर बॅटरी तासाभरात बसते. शत्रूचा मारा तुमच्यावर होत असताना चार ठिपके शील्डला दिले तर तेच शील्ड कितीतरी जास्त मार सोसते. शत्रू पुढ्यातून निसटून वळू लागला की ते इंजिनाला द्यावेत, म्हणजे तुम्हाला वेगाचा झटका पुन्हा पुन्हा देता येतो. तो नेमका समोर आला की शस्त्रांना. नवखा खेळाडू दोन-दोन-दोन अशी वाटणी ठेवून पूर्ण लढाई लढतो आणि हरल्यावर शस्त्रांना दोष देतो.

माझे स्पष्ट मत आहे की अंतराळयुद्धाच्या खेळांत याहून समाधान देणारी रचना क्वचितच सापडते. इथे बोटांच्या चपळाईइतकेच पुढच्या पाच सेकंदांत काय घडणार याच्या अंदाजाला महत्त्व आहे, आणि त्यामुळे चाळिशी ओलांडलेला माणूसही तरुणांच्या बरोबरीने खेळू शकतो.

तिसरी पायरी: वळणे

थ्रॉटलच्या पट्टीवर मधल्या भागात निळा पट्टा दिसतो. वेग त्या पट्ट्यात असला तर यान सर्वांत लवकर वळते; पूर्ण वेगाने जाताना किंवा थांबलेले असताना ते जड होते. लढाईत थ्रॉटल निळ्यात ठेवण्याची सवय हाताला लागली की अर्धे शत्रू आपोआप पुढ्यात येऊ लागतात. वास्तवात निर्वात पोकळीत वळण्याचा असा काही ठराविक वेग नसतो. त्यामुळे भौतिकशास्त्राचा काटेकोर आग्रह धरणारे या रचनेवर नाराज आहेत. त्यांचे म्हणणे बरोबर असले तरी खेळ म्हणून हा निर्णय मला योग्य वाटतो, कारण त्यामुळे याने एकमेकांच्या टप्प्यात राहतात.

झेड ही कळ दाबली की उड्डाणाचे साहाय्य बंद होते. मग यान ज्या दिशेने निघाले त्या दिशेने जात राहते आणि नाक मात्र हवे तिकडे वळवता येते, म्हणजे पळता पळता मागे वळून मारा करता येतो. हे कौशल्य सुंदर आहे आणि सुरुवातीला पोटात ढवळणारेही. पहिल्या महिन्यात फक्त एवढेच करावे: तीव्र वळण घेताना क्षणभर साहाय्य बंद करायचे, नाक फिरले की लगेच चालू करायचे.

चौथी पायरी: शस्त्रे

लेझर शील्डवर प्रभावी ठरते, गोळ्या झाडणारी मल्टीकॅनन यानाच्या सांगाड्यावर. साइडविंडरवर शस्त्रांच्या दोनच लहान जागा असतात, म्हणून एक पल्स लेझर आणि एक मल्टीकॅनन अशी जोडी लावावी. शस्त्रे तीन पद्धतींनी बसतात: सरळ समोर मारणारी स्थिर, लक्ष्याचा थोडाफार माग घेणारी गिम्बल आणि सर्व बाजूंना फिरणारी टरेट. स्थिर शस्त्रांचा मारा सर्वांत जड असतो, पण नव्या हातांसाठी गिम्बल बरी. शत्रूने चॅफ (नेम चुकवणारे कण) उडवली की गिम्बल शस्त्रे भरकटतात. त्या वेळी लक्ष्याची निवड काढून टाकावी, म्हणजे ती सरळ समोर मारू लागतात. पल्स लेझर तीन किलोमीटरपर्यंत पोहोचते खरी, पण ५०० मीटरच्या पलीकडे तिचा जोर कमी होत जातो, म्हणून दुरून शक्ती जाळू नये.

पाचवी पायरी: पहिले इनाम

दिशादर्शक बीकनपाशी किंवा ग्रहांच्या कड्यांमधल्या खाणक्षेत्रांत गुन्हेगारांची याने येतात. खाणक्षेत्रांचे वेगवेगळे दर्जे असतात. त्यांपैकी जे धोकादायक म्हणून नोंदवलेले असते तिथे पोलिसांची याने नसतात, म्हणून तिथे जाऊ नये. बाकीच्या ठिकाणी पोलीसच तुमचे सोबती. जाताना यानात माल ठेवू नये, कारण लुटारू आधी तुमचा माल तपासतात आणि काही नसले की बहुधा सोडून देतात.

तिथे पोहोचल्यावर प्रत्येक यानाकडे नाक करून त्याची तपासणी पूर्ण होऊ द्यावी. ‘वाँटेड’ असा शब्द उमटल्यावरच गोळी झाडावी. माझ्या भाच्याने पहिल्या दिवशी तपासणी पुरी होण्याआधीच घाईने कळ दाबली. समोरचे यान निर्दोष निघाले, आणि क्षणात तीन पोलीस याने त्याच्यावर वळली. “मामा, मी तर चोराला मारत होतो!” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता. खेळाने त्याला हा नियम कुठेही नीट सांगितलेला नव्हता. शिकवण्यातला हा कंजूषपणा मी या खेळाचा सर्वांत मोठा दोष मानतो. सराव मोहिमा आहेत, त्या कराव्यात, पण कायदा, दंड, इनाम आणि विमा यांचे नियम खेळाडूला ठेच लागूनच कळतात.

पहिल्या काही इनामांसाठी एक प्रामाणिक उपाय आहे. पोलीस एखाद्या गुन्हेगारावर तुटून पडले की थोडे थांबावे, त्याचे शील्ड गेले की आपणही मारा सुरू करावा. शेवटचा घाव तुमचा नसला तरी, तुमचा मारा त्याला लागलेला असेल तर यान फुटल्यावर इनाम तुमच्याही नावावर लागते. दोन-तीन यानांनंतर स्थानकात जाऊन पावत्या जमा कराव्यात. लोभ धरून थांबू नये.

सहावी पायरी: पळणे

पळायला शिकल्याशिवाय यान बदलू नये. प्रवासात कोणी तुम्हाला सुपरक्रूझमधून खाली ओढू लागला तर झटापटीत हरण्यापेक्षा थ्रॉटल शून्यावर आणून स्वतःहून शरण जावे; मग तुमचे इंजिन पुन्हा तयार व्हायला बराच कमी वेळ लागतो. लगेच चार ठिपके शील्डला, दोन इंजिनाला द्यावेत आणि वेगाचे झटके देत दूर जावे. शत्रूचे यान तुमच्याहून मोठे असेल तर त्याच्या वस्तुमानामुळे सुपरक्रूझचे इंजिन हळू तयार होते. दुसऱ्या तारकासंस्थेत घेतलेल्या उडीला मात्र हे बंधन नाही, म्हणून पळताना शेजारची संस्था आधीच निवडलेली असावी. नवख्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते, आणि या युक्तीमुळे माझे यान कित्येक वेळा वाचले आहे.

समोरची काच फुटली तर साध्या यानात पाच मिनिटांचा प्राणवायू उरतो. श्वासांचा आवाज ऐकू येतो, फलकावरचे आकडे नाहीसे होतात, आणि ठोके वाढलेल्या छातीने तुम्ही जवळचे स्थानक शोधत असता. ध्वनिरचना हा या खेळाचा असा गुण आहे की त्यासाठी साधे का होईना, पण कानावर बसणारे हेडफोन घ्यावेत. मागे असलेले यान कोणत्या बाजूने येत आहे हेही ऐकून कळते.

सातवी पायरी: दुसरे यान

यान फुटल्यावर ते परत मिळवण्यासाठी यान आणि त्यातल्या साधनांच्या किमतीच्या पाच टक्के रक्कम भरावी लागते. तेवढे पैसे गाठीशी नसताना कधीही उड्डाण करू नये. लढाईच्या वाटेवर इगल ४४,८०० क्रेडिटला (क्रेडिट हे खेळातले चलन), व्हायपर सुमारे १ लाख ४३ हजारांना आणि कोब्रा मार्क थ्री सुमारे ३ लाख ५० हजारांना मिळते. मी व्हायपर सुचवतो. तिच्यावर शस्त्रांच्या चार जागा आहेत आणि ती वेगवान आहे, म्हणजे चूक झाली तर पळता येते. ज्याला लढाईबरोबर माल वाहणे आणि भटकणेही करायचे आहे त्याने कोब्रा घ्यावी. यानाच्या किमतीएवढीच रक्कम साधने सुधारण्यात जाते, तीही आधी साठवावी.

इथून पुढे खेळाचा दुसरा मोठा दोष सुरू होतो. २०१६ मध्ये इंजिनिअर नावाची पात्रे खेळात आली. ती तुमच्या साधनांना असामान्य बळ देतात, पण त्यासाठी नाना प्रकारचे घटक गोळा करत हिंडावे लागते, आणि हे काम कित्येक संध्याकाळी खाऊन टाकते. पुढे त्यात सवलती आल्या, तरी नोकरी सांभाळून खेळणाऱ्या माणसाला ते ओझेच वाटते. २०२४ पासून काही नवी याने आधी खऱ्या पैशांनी आणि नंतर खेळातल्या पैशांनी मिळू लागली. तेही मला रुचलेले नाही, पण संगणकाने चालवलेल्या गुन्हेगारांशी लढण्यासाठी त्यांची गरज नाही. पहिले वर्ष इंजिनिअर आणि खरेदी या दोन्हींकडे पाठ फिरवून फक्त इनामाच्या मागे लागलात तर खेळाचा उत्तम भाग तुमच्या वाट्याला येतो.

उठण्यापूर्वी

खेळ थांबवताना यान स्थानकात उतरवून मगच बाहेर पडावे. धोक्यात असताना बाहेर पडू पाहिलेत तर १५ सेकंद थांबावे लागते आणि तेवढ्यात यान फुटू शकते. पावसाळ्यात ढगांचा गडगडाट ऐकू आला की पावत्या जमा करायला निघावे. मोहिमांची मुदत तुम्ही खेळत नसतानाही खऱ्या घड्याळाप्रमाणे संपत जाते आणि पुरी न केलेल्या मोहिमेमुळे तुमची पत उतरते, म्हणून चवथीच्या आदल्या आठवड्यात, माटोळी (गणपतीच्या वरचे फळापानांचे छत) बांधायची आणि पाहुण्यांची गडबड असताना, नवी मोहीम स्वीकारू नये. इनामाच्या पावत्यांना मात्र अशी घाई नसते. यान स्थानकात सुखरूप असेल तर त्या गणपती विसर्जनानंतरही तशाच सापडतात.